आधी दोन गोष्टी घरात सांग

वाचकाचं पत्र: "सर, मी यावल तालुक्यातला, वय २३. चार हंगाम झाले, मोटारसायकल रेसिंग करतो. पहिल्या वर्षी नवशिक्यांच्या वर्गात दोनदा पोडियमवर आलो. गावात सत्कार झाला, चौकात फ्लेक्स लागला. दुसऱ्या वर्षी एका टीमने घेतलं. तिसऱ्या वर्षी कॉलरबोन मोडली, अर्धा हंगाम गेला आणि पुढच्या वर्षी टीमने बोलावलंच नाही. यंदा स्वतःच्या खर्चाने वन-मेक वर्गात उतरलो. महिन्यापूर्वीच्या राउंडला पडलो, डोकं आपटलं. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मला आजही आठवत नाहीत. मेडिकल रूममध्ये मात्र 'मी ठीक आहे' म्हणालो. आता उन्हात डोकं ठणकतं, मोबाईल बघवत नाही. हे कुणालाच सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात सरावाला गेलो तर लॅप दोन सेकंदांनी मंद. इंजिन बसलंय असं वाटतं. हेल्मेट वरून चांगलं आहे, म्हणून तेच वापरतो. मोडतोडीच्या बिलासाठी आणि एन्ट्रीसाठी १ लाख ८० हजार रुपये शेकडा पाचने घेतलेत. बाबांची चार एकर केळी आहे, त्यांना वाटतं कंपनी मला पैसे देते. भुसावळला एका शोरूममध्ये सर्व्हिसची नोकरी मिळतेय. पुढचा राउंड पाच आठवड्यांवर आहे. चालू ठेवू की सोडू? सोडलं तर गावात तोंड कसं दाखवू? बाबांनी तर सत्काराचा तो फ्लेक्स मळ्यातल्या मोटारीच्या खोलीवर उलटा टाकलाय."

भाऊ,

पुढचा राउंड धावायचा नाही. आज मी ठामपणे एवढं एकच उत्तर देतोय. रेसिंग चालू ठेवायचं की सोडायचं, ते नंतर बघू. आधी डोक्याचं.

हाड मोडलं की एक्स-रेत दिसतं, प्लास्टर बसतं, गावाला कळतं. तुला जे झालंय, त्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो आणि त्याचं काम काही दिवस बिघडतं. पडल्यानंतरचं न आठवणं, उजेड सहन न होणं, डोकं ठणकणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. यात सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण तो मुख्यतः रक्तस्राव किंवा कवटीला तडा आहे का हे बघायला काढतात. म्हणून उद्या कुणी "स्कॅन क्लिअर आहे, बस गाडीवर" म्हणालं तर ऐकू नकोस. मोठ्या माणसांची लक्षणं साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. तुला महिना झालाय आणि मधे तू ट्रॅकवर जाऊन आलास. आता मेंदूविकारतज्ज्ञच हवा, गल्लीतला डॉक्टर पुरायचा नाही.

पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा बहुधा तुझ्यासारख्या कोवळ्या वयात होतं आणि माणूस हातात राहत नाही. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. सी. एस. संतोष तुला माहीत आहे. २०१५ मध्ये डकार रॅली, ती लांब पल्ल्याची खडतर शर्यत, पूर्ण करणारा पहिला भारतीय तो. २०२१ च्या जानेवारीत सौदीत चौथ्या स्टेजला पडला, डोक्याला मार लागला, हेलिकॉप्टरने हलवावं लागलं, डॉक्टरांनी औषधं देऊन कोमात ठेवलं. तो वाचला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा १३ वर्षांचा पोरगा शर्यतीत पडला, तो वाचला नाही. त्या ट्रॅकवर तूही धावतोस.

आता तुझे ते दोन सेकंद. वन-मेक वर्गात सगळ्यांच्या गाड्या सारख्या, टायर सारखे. तिथे लॅपला दोन सेकंद म्हणजे आठ लॅपच्या शर्यतीत सोळा सेकंद. तू म्हणतोस इंजिन बसलंय. असेलही. पण लॅप टायमरमधले सेक्टर, म्हणजे फेरीच्या एकेका तुकड्याची वेळ, उघडून बघ. सरळीत वेग तेवढाच असेल आणि वेळ वळणाच्या तोंडाशी जात असेल, तर इंजिनाला बोल लावू नकोस. दीडशे मीटरच्या पाटीला धरायचा ब्रेक तू दोनशेलाच धरतोयस, कारण पाटी डोळ्याला दिसते पण डोक्याला उशिरा पोहोचते. दुखऱ्या डोक्याचा रायडर आपोआप सावध होतो. ते भित्रेपण नव्हे रे, शरीर तुला सांगतंय. तू ऐकत नाहीयेस.

आणि ते हेल्मेट. वरचं कवच शाबूत दिसतं म्हणून तू वापरतोयस. त्याच्या आतलं कापडी अस्तर काढ. खाली थर्माकोलसारखा जाड थर लागेल. डोकं वाचवतो तो हा थर, आणि तो एकदाच वाचवतो: मार बसला की दबतो, जोर शोषून घेतो आणि पुन्हा फुगत नाही. अंगठा फिरवलास तर कुठे मऊ लागेल, कुठे बारीक चीर दिसेल, कुठे काहीच कळणार नाही. काही दिसो वा न दिसो, ते हेल्मेट गेलं. पट्टा कापून मगच भंगारात टाक, म्हणजे गावातलं दुसरं पोरगं ते उचलून घालणार नाही.

माझंही सांगतो, कारण तुझं पत्र वाचताना माझा उजवा हात आपोआप पुढे आला. १९९६ साली मी धुळ्याहून नाशिककडे डर्ट ट्रॅकच्या शर्यतींना जायचो. एका उडीवरून उतरताना हातावर पडलो. मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं एक बारकं हाड असतं. ते मोडलं तर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, आणि त्याला रक्तपुरवठा इतका कमी की हलवत राहिलं तर जुळतही नाही. सूज आली, मी चिकटपट्टी बांधली, घरी सांगितलं दार लागलं. तीन आठवड्यांत पुन्हा धावलो. चौथा आलो, फार आनंद झाला. आज मला पिळून कपडा वाळत घालता येत नाही. बायको पिळते, मी झटकतो. आमचे आप्पा एसटीत मेकॅनिक होते, त्यांना सहा महिन्यांनी कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पडना ते पडना, पन सांगं का बरं नही?" मला उत्तर आलं नव्हतं. तुझ्याकडे आज आहे का?

मोठ्यांचंही याहून वेगळं नाही. मार्क मार्केझ. २०१३ मध्ये पहिल्याच वर्षी मोटोजीपीचा, म्हणजे मोटारसायकल रेसिंगच्या सर्वांत वरच्या वर्गाचा, विश्वविजेता, २०१९ पर्यंत सहा किताब. १९ जुलै २०२० ला स्पेनमध्ये हेरेझला पडला, उजव्या दंडाचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन करून प्लेट बसवली आणि त्याच शनिवारी तो पुन्हा गाडीवर! जगाने टाळ्या वाजवल्या. हाताने साथ दिली नाही, त्याने माघार घेतली, आणि काही दिवसांनी घरी एक दार-खिडकी सरकवताना प्लेट मोडली. तो अख्खा हंगाम गेला. एकाच हाताची चार ऑपरेशनं झाली, शेवटचं २०२२ मध्ये अमेरिकेत. मधे डोळ्यांना एकाचं दोन दिसण्याचा त्रास झाला तो वेगळाच. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली तेव्हा आपल्या लोकांनी त्याला पाहिलं: शनिवारी छोट्या शर्यतीत तिसरा, रविवारी पडला, उठून नववा. त्या वर्षअखेर त्याने होंडा सोडली, अकरा वर्षांची टीम, कराराचं एक वर्ष शिल्लक असताना. गेला कुठे, तर दुय्यम टीमकडे, आदल्या वर्षीच्या गाडीवर. २०२५ मध्ये डुकाटीवर जपानमध्ये पुन्हा विश्वविजेता झाला. सहा वर्षांनी.

ही गोष्ट लोक हिंमतीची म्हणून सांगतात. मी ती वेगळी वाचतो. त्या चार दिवसांच्या घाईने त्याची पुढची काही वर्षं खाल्ली. आणि तो परत उभा राहिला तो हाताचं दुखणं मान्य करून, ऑपरेशन करवून, लहान टीममध्ये खाली उतरून. त्याच्यामागे जगातले डॉक्टर होते, पैसा होता. तुझ्यामागे चार एकर केळी आहे. घाई तुला त्याच्यापेक्षा महाग पडेल.

आता दुसरी लपवलेली गोष्ट, व्याज.

१ लाख ८० हजाराला शेकडा पाच म्हणजे महिन्याला ९ हजार. वर्षाला १ लाख ८ हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. ज्याने दिले त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का? कोरा चेक किंवा कोऱ्या कागदावर सही घेतली आहे का? महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, परवानाधारकालाही सरकारने ठरवलेल्या वार्षिक दराच्या वर व्याज घेता येत नाही, आणि महिन्याला पाच टक्के त्यात कुठेच बसत नाही. तक्रार जळगावला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. पण तिथे जायच्या आधी हे बाबांना माहीत असायला हवं. सावकाराचा माणूस बांधावर येऊन उभा राहिला आणि तेव्हा त्यांना कळलं, असं होऊ देऊ नकोस.

पैसे उभे करायचे तर सरावाची दुसरी गाडी असेल ती वीक, राइडिंग सूट सोडून जे जे विकता येईल ते वीक, उरलेल्या रकमेला बँकेतून सोन्यावर कर्ज घे. पंधरा दिवसांत त्या माणसाचं मुद्दल फिटलं पाहिजे. आणि एक गोष्ट फार कमी रायडरांना माहीत असते, ती घरातल्या विम्याचे कागद काढून वाच: आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत धोकादायक खेळांचं एक ठरावीक कलम असतं. व्यावसायिक म्हणून असा खेळ खेळताना लागलं तर खर्च मिळत नाही, आणि त्या यादीत मोटर रेसिंग नाव घेऊन लिहिलेलं आहे. गाडीच्या विम्यातही शर्यत वगळलेली असते. म्हणजे आजवर तू विमा आहे असं समजून उघड्यावर धावलास. पुढे कधी ग्रिडवर, शर्यत सुटते त्या रांगेत, उभा राहिलास तर एन्ट्रीबरोबर अपघाताचं संरक्षण किती रकमेचं आहे, दवाखान्याचा खर्च त्यात येतो का, हे आयोजकाकडून लेखी घे आणि तेवढ्यावर भागत नसेल तर उतरू नकोस.

बाबांशी कसं बोलायचं, हे तू विचारलेलं नाहीस, पण सगळ्या पत्रात तीच भीती आहे. तुला वाटतं त्यांना चढउतार कळणार नाहीत. अरे, यावल-रावेरच्या केळीवाल्याला? मे-जूनच्या वादळात घड लागलेली बाग तासाभरात आडवी झालेली त्यांनी पाहिली असेल. झाडाला दोऱ्या बांधलेल्या असतात, घड भरत आलेला असतो, आठ दिवसांत कापणी, आणि संध्याकाळी काळं आभाळ येतं. दुसऱ्या दिवशी व्यापारी फोन उचलत नाही. मग माणूस काय करतो? पहिल्या दिवशी बांधावर बसून राहतो. तिसऱ्या दिवशी विळा घेतो, पडलेलं तोडतो, बुंध्याशी फुटलेली पिलं बघतो. पिलबाग धरता येईल का, की मोडून टाकून ऑक्टोबरात कांदेबाग, म्हणजे केळीचीच त्या हंगामातली लावण, करायची, की यंदा दोनच एकर केळी आणि दोन एकरांत हरभरा, हे तो बोटांवर हिशेब करून ठरवतो. केळी सोडत नाही, पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी कर्ज काढून चारही एकरांत तीच केळी पुन्हा लावतही नाही. तुझ्या तिसऱ्या हंगामाच्या वादळानंतर तू नेमकं तेच केलंस. त्यांना विचार, ते कसं ठरवतात. या विषयात तुझ्या घरात माझ्यापेक्षा जाणता माणूस आहे.

संध्याकाळी मळ्यात, पाणी भरताना सांग. जेवताना नको, आईसमोर एकदम नको. आधी डोक्याचं सांग, मग पैशाचं. उलट क्रमाने सांगितलंस तर पैशाच्या रागात डोक्याचं राहून जाईल.

नोकरी घे. यात मला शंका नाही. आपल्या देशात मोटारसायकल रेसिंगवर वर्षभराचं घर चालवणारे रायडर बोटांवर मोजण्याइतके, आणि ते कंपनीच्या टीममधले. बाकीचे कुणी गॅरेज चालवतात, कुणी शिकवतात, कुणी नोकरी करून रजा टाकून येतात. तुला तर प्रत्येक राउंडला जळगावहून नवजीवन धरून चेन्नई गाठायची, एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस गाडीत, मग हॉटेल, मेकॅनिक, टायर. चेन्नईचा पोरगा शुक्रवारी सकाळी घरून निघून सरावाला पोचतो. हा फरक तुझ्या मेहनतीचा नाही, नकाशाचा आहे. तो मनाला लावून घेऊ नकोस, पण हिशेबात धर. पैसा या खेळात येतो-जातो. बुद्ध सर्किटला २०२३ मध्ये मोटोजीपी आली, २०२४ मध्ये आली नाही. पुण्यात २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉसची लीग सुरू झाली, मातीवरच्या रायडरांना नवं दार उघडलं. अशा लाटेवर स्वार व्हायला माणूस टिकून राहिलेला लागतो, कर्जात बुडालेला नाही.

शोरूमवाल्याला पहिल्याच भेटीत सांग की तू रेसर आहेस. वर्षातून दोन-तीन राउंडची बिनपगारी रजा मिळेल का, ते तेव्हाच ठरव. सस्पेन्शनची सेटिंग, टायरची झीज बघून गाडी कशी चालवली ते ओळखणं, ब्रेकचा आवाज ऐकून पॅड किती उरलेत ते सांगणं, हे चार वर्षांत तू पैसे मोजून शिकलास. सर्व्हिसच्या टेबलावर याची किंमत आहे. आणि एक रस्ता डोक्यात ठेव: आपल्या धुळ्याहून आग्रा रोडने वर गेलं की इंदूरच्या अलीकडे पिथमपूर लागतं. तिथे नॅट्रॅक्स हे वाहन चाचणीचं केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक. गाड्यांच्या कंपन्यांना टेस्ट रायडर लागतात. त्यांना सर्वांत वेगवान माणूस नको असतो. शंभर फेऱ्या एकसारख्या मारून गाडीने काय केलं ते शब्दांत सांगणारा हवा असतो. तू पत्रात पडण्याआधीच्या वळणाचं जे वर्णन केलंयस (जागेअभावी वर छापलं नाही), पुढचं चाक आधी हलकं झालं, मग हँडल मऊ पडलं, मग आवाज बदलला, ते वाचून मला वाटलं याला हे काम जमेल.

आणि रेसिंग? डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर पायरीपायरीने ये. आधी रोजची कामं, मग चालणं आणि सायकल, मग जोराचा व्यायाम, मग एकट्याने ट्रॅकवर, आणि ग्रिड सर्वांत शेवटी. लक्षण परत आलं की एक पायरी मागे. त्यानंतर पुढच्या वर्षी एक हंगाम करायचा असेल तर वहीत दोन आकडे लिहून बाबांना दाखव. पहिला, वर्षभरात जास्तीत जास्त किती रुपये जाऊ द्यायचे, तेही पगारातून. दुसरा, त्याच वर्गातल्या सर्वांत वेगवान लॅपपासून तू किती मागे असलास तर थांबायचं. आकडा तू ठरव, पण आज, शांत डोक्याने. पोडियमच्या दिवशी किंवा पडल्याच्या दिवशी ठरवलेलं टिकत नाही. थांबणं म्हणजे हरणं असं तुला वाटतं, म्हणून सांगतो: केसी स्टोनर मोटोजीपीचा दोन वेळचा विश्वविजेता, २७ व्या वर्षी, वेग शाबूत असताना थांबला. त्याला आता हे आवडत नव्हतं, एवढं कारण त्याला पुरलं.

गावातली पोरं तुला हायवेवर रेस लावायला बोलावत असतील, तुझ्यामागे कन्नड घाटात गाड्या काढत असतील. नाही म्हण. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने गुन्हा आहे, आणि पोरगा अठराच्या आतला असेल तर बापही अडकतो. तुझा शब्द ती पोरं ऐकतील. पोलिसांचा ऐकणार नाहीत.

तोंड कसं दाखवू, म्हणतोस. ज्या गावाने फ्लेक्स लावला त्या गावाला तुझा लॅप टाइम कधीच माहीत नव्हता. दोन महिने विचारतील, "काय भो, यंदा गेला नही का?" तू सांग, डोक्याला लागलंय, डॉक्टरांनी थांबवलंय. खरं उत्तर एकदा दिलं की दुसरा प्रश्न येत नाही.

त्या फ्लेक्सबद्दल मात्र माझ्या मनात एक गोष्ट आली. तू लिहिलंस, बाबांनी तो मोटारीच्या खोलीवर उलटा टाकला, आणि तुला तो अपमान वाटला. आमच्याकडेही मळ्यात फ्लेक्स वापरतात, कुट्टीवर, कांद्यावर, पत्र्यावर. कुणी बाजू बघत नाही. छापील बाजू वर ठेवली तर खानदेशच्या उन्हात एका उन्हाळ्यात चेहरा उडून जातो. आत ठेवली तर राहतो. त्यांनी मुद्दाम आत ठेवली की सहज, मला काय माहीत. मळ्यात जाशील तेव्हा खोलीत शिरून वर बघ, आणि त्यांना विचार.

डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. जाताना त्या राउंडला पिटमध्ये तुझ्याबरोबर जो होता त्याला फोन करून विचार: पडल्यावर तू काय बोललास, किती वेळ भानावर नव्हतास, उलटी झाली का. तुला आठवत नाहीत ती पंधरा मिनिटं त्याच्याकडून कागदावर उतरवून घे. पडल्याचा व्हिडिओ असेल तर मोबाईल सोबत ने, आणि बाबांनाही ने.